मागच्या दोन खोल्या आणि पात्राचा विकास

माणसाच्या स्वभावाचा विकास व्हायचा तर त्याला आधी पुरेसा त्रास व्हावा लागतो, आणि तो त्रास नीट पाहता यावा म्हणून इतरांना बसायला खुर्च्या लागतात. आमच्या मंडळाची उभारणी या दोन तत्त्वांवर झालेली आहे. पैकी पहिले तत्त्व आम्ही जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतून घेतले. दुसरे आमचे स्वतःचे आहे.

मंडळाचे पूर्ण नाव ‘अभिजात इंग्रजी कादंबरी सखोल वाचन मंडळ’. (‘सखोल’ हा शब्द मागाहून घातला. वाचन आधीही सखोलच होते, पण पाटीवर जागा उरली होती.) सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आमची बैठक भरते. खालच्या दारातून आत आले की समोर देवघेवीचे टेबल आणि त्याच्या बाजूने जिना. जिन्याच्या तोंडाशी डाव्या हाताला विजेच्या बटणांचा बोर्ड आहे. प्रत्येक बटणाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे: हॉल, व्हरांडा, मागच्या दोन खोल्या. जिना अरुंद असल्यामुळे वर जाणाऱ्या प्रत्येकाचा खांदा त्या बोर्डाला घासतो. हे मी केवळ वास्तूचे वर्णन म्हणून सांगतो आहे. जुन्या कादंबऱ्यांत वास्तूचे वर्णन पहिल्याच प्रकरणात उरकून घेतात आणि वाचक ते गाळून पुढे जातो. ही पद्धत आम्हीही पाळतो.

मंडळाचा कार्यवाह मी. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांच्या कोर्टात तारखा घेता घेता कित्येक पक्षकारांचा स्वभाव इतका शांत झाला की शेवटी त्यांना निकालाची गरजच उरली नाही, असे ते स्वतः अभिमानाने सांगतात. उपाध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. दुसऱ्याचे दुःख सोसण्याची त्यांना व्यवसायामुळेच सवय आहे. (पंख्याखालची खुर्ची त्यांची, असे कोणत्याही ठरावात म्हटलेले नाही. तरी ते तिथेच बसतात. असो.) खजिनदार घरमालकीणबाई. गावात त्यांची बरीच घरे आहेत, आणि दुष्ट घरमालकांवर त्यांचा भारी राग आहे. एका कादंबरीत घरमालक एका कुटुंबाला भर बर्फात रस्त्यावर काढतो, तो भाग वाचताना बाईंना इतके रडू आले की त्या लवकर निघून गेल्या. शिवाय त्यांना नुकती रिकामी करून घेतलेली एक जागा नव्या भाडेकरूला दाखवायची होती.

आमच्या वाचनाला शिस्त आहे. हॉलमध्ये एक फळा आहे आणि त्याचे खडूने दोन रकाने केले आहेत. डावीकडे ‘समाजावरची टीका’, उजवीकडे ‘पात्राचा विकास’. कादंबरी कितीही जाड असो, तिच्यातली प्रत्येक गोष्ट या दोहोंपैकी एका रकान्यात बसवल्याशिवाय आम्ही चहा घेत नाही. डाव्या रकान्यात आम्ही आजवर कारखान्यांचा धूर, अनाथालयातले पाणचट जेवण, वर्षानुवर्षे रेंगाळणारे खटले (हा मुद्दा अध्यक्षांनी स्वहस्ते लिहिला), गरिबांवर उपकार करणारे ढोंगी लोक आणि हुंड्यापायी खोळंबलेल्या मुली अशा पुष्कळ गोष्टींचा कडक निषेध केलेला आहे. नियम एवढाच की ज्या समाजावर टीका करायची तो किमान शंभर वर्षे जुना असावा आणि तिथे जायला बोट लागावी. जवळच्या समाजावर टीका केली की चहा गार होतो, असा अनुभव आहे.

मध्यंतरी आम्ही सभासदांची पाहणीही केली. कादंबरीतल्या अनाथ मुलासाठी डोळ्यांत पाणी येणारे सभासद ब्याण्णव टक्के निघाले. उरलेल्यांना सर्दी होती. एकाही सभासदाला एकाही खलपात्रात स्वतःचे साम्य आढळले नाही. शेजारी बसणाऱ्या सभासदाचे साम्य मात्र सगळ्यांना आढळले. दंतवैद्यांच्या बाबतीत मी तीन खलपात्रांची नावे सुचवली होती.

उजव्या रकान्याचे शास्त्र जास्त नाजूक. विकासाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी कोणीतरी मरावे लागते. मग दमट घर, तुसडे नातेवाईक, चारचौघांत अपमान, तापाचे दुखणे, उशिरा पोचलेले पत्र, आणि अगदी शेवटी, पात्राने आशा सोडल्यावर, कुठल्या तरी विसरलेल्या काकांची मालमत्ता. हा क्रम बिघडवून चालत नाही. चौथ्या प्रकरणातच कोणी अनाथ नायिकेला उबदार खोली दिली, तर तिचा स्वभाव जिथल्या तिथे राहतो आणि वाचकाचे नुकसान होते.

आता ताईंकडे येतो.

ताई वाचनालयात काम करतात. पुस्तके देणे-घेणे, धूळ झटकणे, दार उघडणे, दार लावणे आणि शनिवारी आमचा चहा. त्यांना सगळेच ताई म्हणतात, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले अध्यक्षसुद्धा. (ताई म्हटले की आदरही दाखवला जातो आणि नावही लक्षात ठेवावे लागत नाही.) त्या हंगामी आहेत. त्यांचा हंगाम कधी सुरू झाला ते आता कोणाला आठवत नाही. पण रुजू झाल्या तेव्हा वेणी काळी होती, असे घरमालकीणबाई म्हणतात.

वाचनालयाची व्यवस्थापन समिती म्हणजे आम्हीच: अध्यक्ष, दंतवैद्य, घरमालकीणबाई आणि मी. कायम नोकराला वाचनालयामागच्या दोन खोल्या राहायला द्याव्यात, असा जुना नियम आहे. कायम नोकर कोणी नसल्यामुळे खोल्या रिकाम्या होत्या. रिकाम्या असल्यामुळे त्यात मंडळाच्या जादा खुर्च्या ठेवल्या. खुर्च्या ठेवल्यामुळे खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. आणि खोल्या रिकाम्या नसताना एखाद्याला कायम कसे करणार? यात कुठेही खोट काढून दाखवावी. दर शनिवारी ताई किल्लीने त्या खोल्या उघडत, खुर्च्या बाहेर काढून पुसत, वर आणून मांडत, आणि बैठक संपली की पुन्हा खाली नेऊन कुलूप लावत.

ताई धाकट्या भावाकडे राहायच्या, म्हणजे भावाच्या स्वयंपाकघरात. रात्री शेवटचे भांडे घासून झाले की अंथरूण पडायचे आणि पहाटे वहिनींच्या चहाआधी उचलले जायचे. ताईंची आई दोन भावांत वाटून घेतलेली होती, सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे. आईजवळ पत्र्याची एक ट्रंक होती. ती कुठल्याच घरी पूर्ण उघडायची नाही, कारण उघडली की पुन्हा भरायची वेळ येते. आईला घेऊन त्या दोन खोल्यांत राहावे, एवढीच ताईंची इच्छा होती. ती त्यांनी आमच्या कानावर घातली तेव्हा बैठक नुकतीच संपली होती आणि त्यांच्या दोन्ही हातांत कपबशा होत्या.

“साहेब, आईला जवळ ठेवायचंय,” त्या म्हणाल्या. “तिला आता ये-जा झेपत नाही. खोल्या आहेतच. मला कायम करा, एवढंच.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे ते मनापासून बोलतात.

“ताई,” ते म्हणाले, “तुम्ही आत्ता कितव्या प्रकरणात आहात, याची तुम्हाला कल्पना नाही.”

ताई कपबशा घेऊन खाली गेल्यावर त्यांनी आम्हाला मुद्दा उलगडून सांगितला. समजा, आज खोल्या दिल्या. उद्या काय उरेल? दोन खोल्यांत आईसह सुखाने राहणारी एक बाई. अशी माणसे कादंबरीत फक्त दार उघडायला असतात. उलट आज तिच्यात जी घालमेल आहे, जी सहनशीलता आकार घेते आहे, ती आपण हाताने पुसून टाकायची का? दंतवैद्य म्हणाले की दुखऱ्या जागी फार लवकर औषध घातले तर मुळाशी काय आहे ते कळतच नाही. घरमालकीणबाईंनी डोळे टिपले आणि त्या म्हणाल्या, “मला तर आत्ताच तिचा शेवट दिसतोय. फार छान होणार आहे.” विषय पुढच्या बैठकीवर ठेवण्यात आला, आणि फळ्यावर उजव्या रकान्याच्या शेजारी एक अरुंद तिसरा रकाना आखून त्यावर ‘ताई’ असे लिहिण्यात आले. अक्षर माझे आहे.

त्यानंतर आम्ही जिवंत पात्राचा जो अभ्यास केला, तो आमच्या माहितीप्रमाणे अन्य कोणत्याही मंडळाने केलेला नाही. सुरुवातीला ताई दारात उभ्या राहून विचारायच्या. मग नुसत्या दारात उभ्या राहू लागल्या. मग चहा ठेवताना अध्यक्षांकडे एकदा बघायच्या, आणि पुढे तेही थांबले. ‘सोशिकपणा: वाढता’ अशी नोंद झाली. त्यांच्या डोळ्यांना खोली आली आहे, हे घरमालकीणबाईंच्या नजरेतून सुटले नाही. (दंतवैद्यांच्या मते ती कमी झोप होती. त्यांना साहित्यातले फार कळत नाही.) वहिनींनी एकदा ताईंचे अंथरूण स्वयंपाकघरातून उचलून गॅलरीत टाकले, तेव्हा ‘तुसडे नातेवाईक’ ही पायरी पूर्ण झाली म्हणून त्या दिवशी चहाबरोबर क्रीमची बिस्किटे आणली.

आणि मग ताईंची आई थोरल्या भावाकडे न्हाणीघरात पडली. घरात कोणी नव्हते. दुपारी सून आली तेव्हा आई ओल्या फरशीवर तशीच पडून होती आणि पुटपुटत होती की कोणाला त्रास देऊ नका. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून तिचा हात थरथरू लागला. हे ताईंनी आम्हाला सांगितले नाही. ते टेबलाशी पुस्तक बदलायला आलेल्या एका बाईंना सांगताना मी ऐकले आणि धावत वर जाऊन मंडळाला सांगितले. मग दंतवैद्य हळूच म्हणाले, “तिसरा खंड सुरू झाला.” आम्ही सर्वांनी उभे राहून सहानुभूतीचा ठराव केला. माझ्या पोटात अगदी कालवले, हे मी प्रांजळपणे सांगतो. त्या शनिवारी मी एकच बिस्किट खाल्ले.

खोल्या त्याच दिवशी द्याव्यात असे कोणी सुचवले का, असा प्रश्न येईल. सुचवले. मीच सुचवले. पण अध्यक्षांनी विचारले की ऐन रंगात आलेल्या ठिकाणी पुस्तक मिटणारा वाचक मी आहे का, आणि मी तसा नाही.

योगायोगाने तेव्हा आम्ही छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीची कादंबरी वाचत होतो. बाप मेल्यावर काका त्याच्या दुकानाला कुलूप लावतो, आत आपली पिंपे ठेवतो, आणि मुलगी पाचशे पाने गावभर भिजत हिंडते. शेवटी एका संध्याकाळी ती लोखंडी सळईने ते कुलूप तोडते, पिंपे रस्त्यावर लोटते आणि बापाच्या स्टुलावर जाऊन बसते. ते पान अध्यक्षांनी मोठ्याने वाचले. आम्ही टाळ्या वाजवल्या. घरमालकीणबाई तर उठून उभ्या राहिल्या. डाव्या रकान्यात आम्ही लिहिले, ‘मालमत्तेच्या निर्दय व्यवस्थेवर प्रखर टीका’, आणि उजव्या रकान्यात, ‘विकास पूर्ण’. चहा देता देता ताईही थांबून ऐकत होत्या. त्यांच्या हातातला चहा गार झाला, याबद्दल दंतवैद्यांनी नंतर नापसंती दर्शवली.

पुढच्या शनिवारी आम्ही आलो तर खुर्च्या आधीच वर होत्या. सगळ्याच्या सगळ्या. हॉल भरून उरलेल्या खुर्च्या व्हरांड्यात, आणि तिथेही न मावलेल्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपाशी एकात एक घालून ठेवलेल्या. प्रत्येक खुर्ची पुसलेली. हॉलच्या मागच्या खिडकीतून खाली पाहिले तर त्या दोन खोल्यांत दिवा लागला होता. दोरीवर कपडे वाळत होते. खाटेवर ताईंची आई बसली होती आणि शेजारी ती पत्र्याची ट्रंक सताड उघडी होती.

आम्ही सगळे खाली गेलो. अध्यक्षांनी विचारले, हे काय आहे.

“किल्ली माझ्याकडेच होती, साहेब,” ताई म्हणाल्या. “इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नाही.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरे सांगायचे तर थोडे हसूच होते, आणि तेच आम्हाला जास्त लागले.

तातडीची बैठक भरली. तिला मंडळाच्या इतिहासातली सर्वात मोठी उपस्थिती होती, आणि सर्वांना बसायला खुर्ची मिळाली असेही प्रथमच घडले. प्रश्न एकच होता, हा विकास मानायचा की नाही. दंतवैद्यांचे म्हणणे पडले की विकास आतून होतो आणि दार बाहेरून उघडले जाते, तेव्हा दोन्हींचा संबंध नाही. मी चाचरत छत्रीवाल्याच्या मुलीची आठवण करून दिली. त्यावर घरमालकीणबाईंनी जो विचार मांडला, तो समीक्षेच्या क्षेत्रात टिकून राहील असे मला वाटते.

“ती गोष्ट वेगळी,” त्या म्हणाल्या. “तिने कुलूप तोडलं होतं. तोडण्यात भावना असते. किल्लीने उघडणं म्हणजे सरळसरळ अतिक्रमण.”

शिवाय, अध्यक्ष म्हणाले, छत्रीवाल्याच्या मुलीच्या काकांना आपण कोणी ओळखत नाही. इथे काका कोण, हा विचार करायला हवा. तो विचार आम्ही थोडा वेळ केला आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळलो.

म्हाताऱ्या बाईला रस्त्यावर काढायला अध्यक्षांचा सक्त विरोध होता. आपण कोणी दुष्ट लोक नाही, आणि तसे दृश्य सरळ डाव्या रकान्यात गेले असते. तेव्हा सुसंस्कृत मार्ग काढण्यात आला. एकमताने ठराव झाला, तो असा: ‘कथानकाची निकड लक्षात घेता मागच्या दोन खोल्यांचा वीजपुरवठा तात्पुरता बंद ठेवण्यात यावा. सदर बटणास ताईंनी हात लावल्यास त्यांची हंगामी सेवा त्याच दिवशी संपुष्टात येईल.’ इतर कोणी हात लावल्यास काय, याबद्दल ठरावात काही नाही. इतर कोणी लावील असे कोणाच्या मनातच आले नाही. अंमलबजावणी कार्यवाहांकडे सोपवण्यात आली. मी खाली जाऊन बटण बंद केले. ते अगदी हलके आहे, एका बोटाने बंद होते, आणि चालू व्हायलाही तेवढेच लागते.

तेव्हापासून मंडळाला बरकत आली आहे. शनिवारी अंधार पडला की मागच्या खिडकीपाशी जागा मिळत नाही. खाली मेणबत्तीच्या उजेडात ताई आईला भरवत असतात, कारण थरथरत्या हाताने अंधारात घास तोंडाशी नीट जात नाही. मेणबत्तीने ताईंच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते विजेच्या दिव्याने आले नसते, असे घरमालकीणबाईंचे मत आहे आणि ते सर्वमान्य आहे. नवे सभासद येत आहेत. पुढे काय होणार यावर गट पडले आहेत. एका गटाला वाटते की आई या हिवाळ्यात जाईल आणि ताई खऱ्या अर्थाने मोठ्या होतील. दुसऱ्याला विसरलेल्या काकांची आशा आहे. दंतवैद्यांचा अंदाज मी इथे देत नाही. तो पहिल्या गटाचाच आहे, पण त्यांनी तो हसत सांगितला आणि मला ते आवडले नाही.

ताई पूर्वीसारख्याच चहा आणून देतात. फळ्यावरच्या तिसऱ्या रकान्याकडे बघत नाहीत. त्यांची आई मात्र संध्याकाळी भिंत धरत धरत जिन्यापर्यंत येते आणि पायरीवर बसते, कारण तिथे उजेड असतो. वर जाणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवून विचारते, “बाळा, दिवा कधी येणार रे?” तिच्याशी कोणी तुसडेपणाने वागलेले मी पाहिले नाही. सगळे वाकून, तिच्या खांद्यावर हात ठेवून, मायेने सांगतात, “आम्ही पण तेच बघतोय, आजी.” मग जिना चढतात.

वाचकहो, आपणही इथवर आलात, म्हणजे आपण आमच्यातलेच. ताईंना पहिल्याच परिच्छेदात खोल्या मिळाल्या असत्या तर आपण हे पान केव्हाच उलटले असते. आई पडली तेव्हा आपल्या पोटात कालवले असणार, आणि कालवत असतानाच पुढची ओळ वाचली असणार. आमचीही पद्धत नेमकी तीच आहे. सभासदत्वाला वर्गणी नाही, परीक्षा नाही. आता दिवा परत लागला का, असे आपल्याला वाटत असेल, तर येत्या शनिवारी अवश्य या, आणि मंडळींबरोबर खिडकीत उभे राहून पाहा. आपली खुर्ची ताईंनी पुसून ठेवली आहे.

येताना जिन्याच्या तोंडाशी डाव्या हाताला विजेच्या बटणांचा बोर्ड लागेल. त्याचे वर्णन मी सुरुवातीलाच केले होते. आपण ते वाचलेत, आणि खांदा घासून पुढे निघून आलात.